बरी झाल्याची साक्ष मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. वडील श्री. गू जोंग-दू,
चिटणीस, वडीलमंडळ,
नवी द्राक्षवेल ख्रिस्ती मंडळी, गुनसान.

विषय : मी बरी झाले ही साक्ष मागे घेऊन माझे नाव पुन्हा आजाऱ्यांच्या यादीत घालण्याबाबत.

संदर्भ : (१) दि. ७ जुलैचे रविवारचे पत्रक, सदर 'प्रार्थनेची उत्तरे'. (२) आपले तोंडी उत्तर, "नाताळ होऊ द्या, मग बघू."

महोदय,

मी, प्यो ओक-बुन, वय ६१, मंडळीची सेविका, बाजारात तोंडीलावण्यांचे दुकान, आपणांस सविनय कळवते की :

१. मला अकरा वर्षांपासून आमवात आहे. शरीराची स्वतःचीच फौज मला शत्रू समजून सांध्यांवर चालून येते, असे डॉक्टर सांगतात. इतकी वर्षे दुकान चालवूनही मला गिऱ्हाईक आणि चोर यांतला फरक कळत नाही, तेव्हा फौजेला तरी काय बोलावे.

२. गेल्या वसंतात मी सलग चाळीस दिवस पहाटेच्या प्रार्थनेला आले. त्याच सुमारास डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. जूनमध्ये सूज उतरली. ७ जुलैच्या साक्षीत प्रार्थनेचा उल्लेख मी सविस्तर केला, गोळ्यांचा राहून गेला. राहून गेला हेही खरे नाही. माझ्या आधी बोललेल्या बाईंचा नुसता खांदा मोकळा झाला होता, आणि त्यांना एवढे "हालेलुया" मिळाले की मला राहवले नाही. मी मंचावर मुठी वळून दाखवल्या. नंतर साऱ्या मंडळीला तांदळाच्या वड्या वाटल्या. त्या सर्वांनी खाल्लेल्या असल्याने त्यांबाबत माझी काही मागणी नाही.

३. ऑगस्टअखेर आजार परत आला. पण पत्रकात माझे नाव 'आजारी'मधून 'उत्तरे'मध्ये गेले होते. मी दिसले की बायका म्हणत, "आला गं आपला चमत्कार!" गेल्या शनिवारी मंडळीची वर्षाची किमची घातली, तेव्हा या चमत्काराला चाळीस कोबींना तिखट चोळायला बसवले. संध्याकाळी रबरी हातमोजे निघेनात, कात्रीने कापावे लागले. "अगंबाई, बोटं केवढी सुजलीत!" असे चारचौघी म्हणाल्या. "मोजेच लहान होते," असे मी सांगितले. मंडळीच्या आवारातले हे माझे दुसरे खोटे.

४. येथवर नुकसान माझे एकटीचे होते. सोमवारी पहाटे, नेहमीप्रमाणे तीनदा "प्रभू!" अशी हाक मारून सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागले. त्या गलक्यात आपले बोलणे फक्त वरपर्यंतच पोचते, या भरवशावर मी माझी कुरकूर तेव्हाच उरकून घेते. शेजारच्या तक मी-रानचाही तोच भरवसा असावा. ती ओरडून सांगत होती, "प्रभू, तीन आठवडे झाले गोळ्या सोडून! प्यो बाईंसारखा विश्वास मला पण दे!"

मी-रान चौतीस वर्षांची आहे. तिला ल्युपस आहे. तो माझ्या आजाराच्या भावकीतलाच, पण माझा बोटांवर बसला आहे, तिचा मूत्रपिंडांवर.

बाहेर जोडे घालताना मी तिला सगळे खरे सांगितले, बोटेही दाखवली. ती हसली. "मोजे लहान होते ना बाई, ऐकलंय मी. माझी परीक्षा बघताय होय?" मी शपथेवर सांगू लागले, तर म्हणाली, "मंचावरून बोललात ते खरं की जोड्यांपाशी बोलताय ते?" तिचे पाय घोट्यांपर्यंत सुजून जोड्यात मावत नव्हते. तिची तपासणी येत्या मंगळवारी आहे आणि ती रद्द करणार म्हणते. मला फार भीती वाटते आहे.

५. नवी कुटुंबे येण्याच्या दिवसांत साक्ष मागे घेणे बरे दिसत नाही, शिवाय साक्षीच्या फॉर्मवर तशी सोय नाही, असे आपण म्हणालात. फॉर्मचे मान्य, म्हणून हा साधा कागद. पहिल्याबद्दल एवढेच, की मी विश्वास सोडलेला नाही. प्रभूने मला बरे केले नाही. पण सकाळी बरणीचे झाकण फिरत नाही तेव्हा मी त्याच्याशीच भांडते, आणि भांडून झाले की दुकान उघडण्याइतके बळ येते. अकरा वर्षे असेच चालले आहे. हे जुलैतच सांगायला हवे होते. "हालेलुया" जरा कमी मिळाले असते.

तरी विनंती, की येत्या रविवारी, १ डिसेंबरला, अकराच्या उपासनेत त्याच मंचावर मला तीन मिनिटे द्यावीत. मंडळीच्या मोबाईल गटावरची माझ्या साक्षीची चित्रफीत आजच काढून टाकावी. माझ्या आठवड्याच्या गोळ्यांचा वार सोमवार आहे. डॉक्टरांना विचारून तो या खेपेपुरता रविवार केला आहे. गोळ्या मी मंचावर, सर्वांसमक्ष घेईन. मी-रान तिसऱ्या बाकावर बसते, तिला तेथून नीट दिसेल.

त्यासाठी मंचावर कोमट पाणी ठेवावे. पेला नको, कानाचा मग असावा, आणि तो अर्धाच भरावा. भरलेला मला उचलवत नाही.

वडीलमंडळाच्या आज्ञेत असलेली, तरी रविवारी मंचावर येणारच अशी,

प्यो ओक-बुन
(सहीऐवजी शिक्का. मजकूर सांगितल्याप्रमाणे मुलीने लिहिला.)

गुनसान, बुधवार, दि. २७ नोव्हेंबर २०२४

सोबत : मार्चपासून चालू असलेल्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी, प्रत एक.