पाचपैकी चार पूर्णांक नऊ

३ नोव्हेंबर, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टीममधली एक जागा कमी होणार. मी किंवा टपटप. (टपटप म्हणजे माझी ज्युनियर. कीबोर्ड बडवते म्हणून हे नाव मीच ठेवलंय.) महिनाअखेरच्या डेव्हलपर कॉन्फरन्समध्ये दोघांनीही टॉक द्यायचा, लोकांचा फीडबॅक बघून वरचे ठरवणार. साहेब म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. मी कशाला लावून घेऊ? टपटपचंच वाईट वाटलं.
संकल्प: रोज एक तास तयारी. घरी हिला इतक्यात काही सांगायचं नाही, उगाच घोर लावून घेईल.

७ नोव्हेंबर
तयारी नाही. कारण कॉन्फरन्सचं फीडबॅक अ‍ॅप करून द्यायला मी हो म्हटलंय. माझ्यासारखा माणूस आयोजकांना फुकट कुठे मिळणार? खोलीच्या दारात पास स्कॅन केला की त्या टॉकचा फॉर्म आपोआप जमा. लोक आळशी असतात, म्हणून पाचही तारे आधीच भरून ठेवले. ज्याला पटणार नाही तो कमी करेल. टपटपने विचारलं, सर, रिकामे ठेवले तर? म्हटलं, अनुभवाने कळेल.

१५ नोव्हेंबर
ही म्हणाली, जेवताना तरी दोन शब्द बोलत जा. म्हणून लॅपटॉप आणून ताटाशेजारी ठेवला आणि स्लाइड दाखवायला घेतल्या. सातव्या स्लाइडला ताट उचलून आत गेली. घरात कदर नाही. तरी मोठ्या मनाने एक पास फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलाय.
तयारी उद्यापासून.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
टॉक झाला! विषय: ‘जुना कोड का जपावा’. खोली प्रशस्त. वेळ जेवणाच्या सुट्टीला लागून, त्यामुळे चोखंदळ लोकच थांबले. बाकीचे दारात पास स्कॅन करून, आत डोकावून गेले. डोळ्यांवर दिवे होते, कोण बसलंय दिसत नव्हतं. प्रश्न एकही नाही, म्हणजे सगळ्यांना सगळं कळलं.
ही आली नाही. अपेक्षाही नव्हती. घरी आल्यावर कसं झालं एवढंही विचारलं नाही. लागलं मनाला.

२८ नोव्हेंबर
आकडे आले. टपटप ३.७. मी ४.९! अख्ख्या कॉन्फरन्समध्ये दुसरा. पहिल्या नंबरचा टॉक ऐनवेळी रद्द झाला होता, म्हणजे खरा पहिला मीच.
टपटपला कॉफी पाजली, धीर दिला. ती हळूच म्हणाली, सर, किती जणांनी तारे बदललेत ते एकदा बघा, साहेबांनी विचारायच्या आधी. पोटात दुखतंय, दुसरं काय.
फक्त एका महाभागाने मला कमी तारे दिलेत. बहुतेक टपटपच. शोधून काढणार.

२ डिसेंबर
न झालेल्या टॉकला पाचपैकी पाच, हे वरच्यांच्या लक्षात आलं. साहेब म्हणाले, कुणीच हात न लावलेले फॉर्म काढून टाका आणि आकडे पुन्हा द्या. अ‍ॅप माझं, तेव्हा काम माझ्याच गळ्यात. काही बिघडत नाही. दर्जा कुठे जाणार?

३ डिसेंबर
काढले. टपटपची खोली गच्च भरली होती, जवळपास सगळ्यांनी स्वतः तारे दिलेले. तिचे ३.६ झाले.
माझा एक फॉर्म उरला. दोन तारे. टपटपचा नव्हता. पासचा नंबर ओळखीचा होता, फ्रिजवरचा.
खाली लिहिलं होतं: “मागे खांबापाशी बसले होते. विषय काही कळला नाही. पण यांना इतका वेळ सलग बोलताना कित्येक वर्षांनी ऐकलं. बरं वाटलं.”
दुपारी साहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले. महिनाभराची नोटीस. मनाला लावून घेऊ नका, असं या वेळी म्हणाले नाहीत.
घरी आलो. फ्रिजवर नुसतं चुंबक. रोज पाणी काढतो त्यातून, दिसलं कसं नाही? रडू येत होतं.
जेवताना हिने विचारलं, काय झालं? सगळं ओठांवर आलं होतं. म्हटलं, काही नाही, दमलोय.
ही ताट उचलून आत गेली.