काकूची घागर

३ एप्रिल

चोर! चोर! माझी काकू चोर!

आठ महिने मागावर बसून गाठी मारल्या मी. बोटं फुटली. आमच्या कैरवानात मुलीचा पहिला गालिचा सिदी साहबच्या दर्ग्यालाच जातो. आज काकूनं माझा गालिचा तिथं पसरला नि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "आमच्या बेयाचा हो!" तिच्या लेकीला साधी गाठ येत नाही! पण तिला बघायला माणसं येणारेत ना. बेया मान खाली घालून उभी.

बाबा घरी आल्यावर म्हणतात, "जाऊ दे, डूजा. आपण त्यांच्या घरात राहतो."

पैगंबरांच्या साथीदाराच्या कबरीपुढे खोटं! त्यांनी माफ केलं असेल. मी नाही.

४ एप्रिल

काकूच्या चहात मीठ घातलं. प्यायली. वर म्हणाली, "आज जमलाय." छे!

९ एप्रिल

सापडलं!! गुरुवारी निझारची सुंता, त्याच दर्ग्यात. निझार म्हणजे काकूचं शेंडेफळ, पाच वर्षांचा, दिवसभर माझ्या मागे मागे. घागरीत बदाम-मिठाई ठासून भरायची नि आत पातं फिरलं की ती अंगणात आपटायची. पोरं तुटून पडतात — त्या कालव्यात आतलं रडणं कुणाला ऐकू येत नाही. काकू चार दिवस घागर रंगवतेय. स्वतःचंच नाव घेऊन म्हणते, "सगळ्यांना कळू दे, मोंजियानं काय भरलंय!"

कळेल की.

११ एप्रिल

दुपारी सगळी झोपली, तेव्हा काम उरकलं. मिठाई बाहेर, गालिच्याची उरलेली लोकर आत. घागरीच्या तोंडावरचं कापड होतं तसं बांधलं. बदाम मीच हाणले. पोट दुखतंय. वजन कळू नये म्हणून काकूला म्हटलं, "उद्या घागर मी घेते हं." तर म्हणते, "गुणाची गं!"

१२ एप्रिल

घागर फुटली — धप्प! बस्स. नुसती लोकर! पोरं तोंड वासून उभी. एक म्हातारी म्हणाली, "अगं मोंजिया, मेंढी भरलीस की काय?" काकू पांढरीफटक! निघालं उट्टं!

मग आत निझार ओरडला. अंगण चिडीचूप. सगळ्यांनी ऐकलं. लय वेळ ओरडत होता.

त्याचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

१३ एप्रिल

काकू विचारतेय, कुणी केलं. मी सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. तिनंच नजर फिरवली.

१५ एप्रिल

निझारला कुसकुस भरवायला गेले. हळूच म्हणाला, "ताई, तू लोकर भरताना मी बघितलं होतं. आईला नाही सांगितलं."

"का रे?"

"मला वाटलं, मला दुखू नये म्हणून मऊ मऊ भरतेयस."