डाव्या पुडीची कणीक

२ जानेवारी १९४४
मधूनं आज पुन्हा ताल सोडला. अण्णा ओरडले, "गुरवाच्या पोटी धोंडा आलाय!" लकव्यानं उजवा हात गेल्यापासून अण्णांची जीभ दुप्पट चालते. रामनवमीला मारुतीच्या देवळात मधू पखवाजावर बसला नाही, तर आमची सेवा भावकीत जाणार. आणि हा माझा धाकटा भाऊ — याला साधा चौताल पेलत नाही! मी चुलीपाशी बसून हातावर ताल धरते. पखवाजाच्या डाव्या पुडीला, कातड्यावर लावायची कणीक मळून द्यायची, एवढंच माझं काम. त्यापुढं बाईनं हात लावायचा नाही.

९ जानेवारी
अण्णा बाहेर गेले, तसा पखवाज मी पुढ्यात ओढला. मधू म्हणाला, "ताई, तू बस. कणीक मी मळतो." मळली — माझ्याहून चांगली! मग भाकऱ्याही थापल्या, गोल गरगरीत. गाढव कुठला! पण पखवाज काय बोलला माझ्या हाताखाली!

१० जानेवारी
बोटं सुजलीत. कुणाला सांगू?

२१ फेब्रुवारी
घात झाला. काल वाजवून झाल्यावर घाईत पुडीवरची कणीक खरवडायची राहिली. उंदरांनी कातडं कुरतडलं. अण्णांनी डाव्या हातानं मधूला फोडून काढलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी चुलीपाशीच बसून राहिले. शेवटी आई म्हणाली, "आवं, त्याला का मारताय? वाजवती ही."
"मांडीवर पखवाज घेतलास? आता मिशा लाव!" दोन थोबाडीत बसल्या. मग अण्णांनी आजोबांचा जुना पखवाज माझ्याकडं ढकलला. "वाजव." वाजवला. वाटलं, अण्णा शाबास म्हणतील. म्हणाले, "रामनवमीला पडद्याआड बसायचं. मधू पुढं नुसते हात हलवील. कुठं बोललीस तर जीभ हासडीन."

रामनवमी
वाजवला! भरल्या देवळात! देवळाचे पंच लालासाहेब यांनी उठून फेटा बांधला — मधूला. अण्णा रडत म्हणाले, "माझं रक्त हाय ते!" मग मी कुणाचं? मधू फेट्याखालून पडद्याकडं बघत होता, रडकुंडीला आलेला. मला त्याचीच चीड आली.

हनुमान जयंती
आज मध्येच थांबले. ठरवून. मधूचे हात चाललेच होते — आवाज नाही! सगळं देऊळ हसलं. कुणीतरी ओरडलं, "पखवाज मुका झाला का रं गड्या?" पडदा ओढला गेला. सगळ्यांनी मला पाहिलं. अण्णांनी मान वर केली नाही.
जिवाला गार वाटलं. खोटं कशाला लिहू?

११ एप्रिल
मधू रस्त्यानं निघाला की लोक हवेत हात हलवून दाखवतात. घरी येऊन रडत होता. मी म्हटलं, "बांगड्या भर आणि बस चुलीपाशी." म्हणाला, "बसलो असतो गं. बसू कोण देतंय?"

३० एप्रिल
मधू पळून पलटणीत गेला.

१४ ऑगस्ट
त्याचं कार्ड आलं. "लंगरात आहे. सगळ्या कंपनीच्या रोट्या मी भाजतो. इथं कुणी हसत नाही, ताई." अण्णांनी कार्ड चुलीत घातलं. "पलटणीत जाऊन पण चूलच फुंकतंय!"

२ डिसेंबर
तार आली. ब्रह्मदेशात मधू गेला.

१५ डिसेंबर
सुतक फिटलं. लालासाहेबांचा निरोप आला — "पोरगी वाजवती तर तिलाच बसवा. पडदा नको." अण्णांनी स्वतः पखवाज माझ्यापुढं ठेवला. मी कणीक मळायला घेतली — मधू होता तोवर तोच मळून द्यायचा. सैल झाली. पीठ घातलं, घट्ट झाली. आई बघत होती. म्हणाली, "मिळालं न्हवं तुला? मळ आता."