तळघरातला पंखा

१२ मार्च

ती. वहिनींना,

सादर नमस्कार. छोटीचा ताप उतरला का? इकडे काचेच्या नळ्यांमधलं शेवाळ जोमानं वाढतंय. दादांनी निवडलेली जात बाकी सगळ्यांना पुरून उरली. त्यांच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही.

पत्राला तीन आठवडे लागले. कामाचं निमित्त सांगणार होतो, पण तुम्हाला ते पटलं नसतं.

त्या दिवशी दादा सकाळपासून खुशीत होते. शेवाळातली साखर आंबवून तिचं इंधन करायचं, यात आमची तीन वर्षं गेली होती. टाकी अशी फसफसताना आम्ही प्रथमच पाहत होतो. "अरे, बघ तरी! हिला आता आवरायचं कसं?" म्हणत त्यांनी मला हाताला धरून तळघरात नेलं.

आंबताना जो वायू निघतो, तो दिसत नाही. जमिनीलगत साचत जातो आणि त्यात माणूस गुदमरतो. म्हणून तिथला पंखा एक क्षणही बंद करायचा नाही, हा दादांचाच नियम.

अपघाताच्या अहवालात लिहिलंय, दादा पंखा बंद ठेवूनच खाली गेले, त्यांचाच निष्काळजीपणा. तुम्ही फोनवर विचारलंत, "इतका काटेकोर माणूस विसरेल कसा हो?"

मी म्हणालो, "आनंदाच्या भरात होतं असं."

वहिनी, ते विसरले नव्हते. पंखा मी बंद केला होता. टाकीजवळ उभा राहून आईला फोनवर बातमी सांगत होतो आणि त्या खडखडाटात तिला काही ऐकू येईना. दोन मिनिटांसाठी म्हणून बटण दाबलं. मग बोलत बोलत वर आलो आणि पार विसरलो. जेवण उरकून दादा नमुना घ्यायला खाली उतरले. पंखा चालूच असणार, असं धरून चालले असतील. मी गेलो तेव्हा ते टाकीच्या पायाशी पालथे पडलेले होते.

लोक धावत आले, तेव्हा मी "पंखा बंद होता" एवढंच बोललो. कुणी बंद केला, हे मला कुणीच विचारलं नाही.

आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांना सगळं लेखी दिलं. काय व्हायचं ते होईल. पण उद्या कुणी छोटीला म्हणालं, तुझे बाबा स्वतःच्या चुकीनं गेले, तर हे पत्र तिच्या हातात द्या. तेवढ्यासाठी तरी फाडू नका.

तुम्ही ज्याला भाऊजी म्हणत होतात,
तो