बाबांच्या खोलीतला स्पीकर

पिंट्या,

तुझा फोन फ्रिजवर ठेवलाय. सकाळी विसरून गेलास ते एका अर्थी बरंच झालं. आज बाबांच्या खोलीतला स्पीकर एकदाही आपोआप बारीक झाला नाही! म्हणजे ऑफिसात बसून, फोनवरून घरातले आवाज कमी करणारा तूच. का, तर तुझं नेहमीचंच, स्पीकर फाटेल! अरे, आपण बहिरे होत चाललो असं समजून बाबा महिनाभर तोंड मिटून बसलेत, त्याचं काय? आज कुठे गाण्याबरोबर गुणगुणले.

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, म्हणून तिकडे चाललोय. तुझा प्रताप मला काही बाबांना सांगवला नाही. आम्ही आल्यावर तूच सांग. आणि नेहमीसारखं ओरडून सांगू नकोस. त्यांना सगळं ऐकू येतं.

आई