समोरचा पडदा

४ मार्च
भिंगरी आली! धापा टाकत, एका पायात बाहेरची चप्पल, दुसऱ्यात न्हाणीघरातली. मी पलंगावर बसून चहा पीत होते. हसून हसून चहा नाकात गेला.

नातीने ही वही दिली, आजी रोज लिही म्हणाली. तर लिहिते. भिंगरी आणि मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात जन्म काढला. चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची, घडी घालायची. मी मधेच टोक सोडायचे. ती धपकन बसायची! पुन्हा उठून टोक धरायची, वेडी.

आता दोघी एकट्या, समोरासमोरच्या इमारतींत. नियम तिनेच केला — उठलं की आधी पडदा उघडायचा. उघडा म्हणजे बाई धडधाकट. बंद दिसला की दुसरीने किल्ली घेऊन धावायचं. आज मी मुद्दाम बंद ठेवला.
"विसरले गं," म्हटलं.
"विसरलीस ना? मग बरं," म्हणाली, आणि जमिनीवरच बसली गुडघा धरून.

९ मार्च
परत केलं. धाकट्या जावेला बघायला बोलावलं होतं. फार टेंभा मिरवते आपल्या गोतावळ्याचा. भिंगरी तिन्ही जिने चढून आली. ओठ निळे पडलेले. म्हणते, छातीत भरून आलंय. मी म्हटलं, नाटकी.
जाऊ म्हणाली, "ताई, जीव जाईल एखाद दिवशी तिचा."
"तुझ्यासाठी कोण चढतं जिने, ते सांग आधी."
तोंड एवढंसं झालं तिचं. काय गार वाटलं मला! माझी पोटची पोर फोनवर नुसतं "बघते, येते" करते. भिंगरी विचारत नाही, येते. असं माणूस लागतं नशिबात.
जाताना भिंगरी म्हणाली, "पडदा उघडत जा गं बाई."

१० मार्च
दोघींचे पडदे उघडे. काही घडलं नाही. कंटाळा.

१४ मार्च
बंद ठेवला. फटीतून बघत होते. तिचा पडदा सरकला, हात दिसला. आता किल्ली घेईल, आता रस्ता ओलांडेल. केस विंचरून बसले.
आली नाही.
दुपारी मीच उघडला. तिचा उघडाच. म्हणजे बाई ठणठणीत, आणि रुसलेली. रुसू दे.

१५ मार्च
मी उठायच्या आधीच तिचा पडदा उघडा. लवकर उठून मला टेच दाखवते! संध्याकाळी दिवाही लावला नाही, कंजूष. फोन मी करणार नाही. जावेला सांगितलं, उद्या येईल बघ नाक घासत.

१६ मार्च
दुधाच्या पिशव्या दारात तशाच पडलेल्या बघून दूधवाल्याने दार ढकललं. कडी काढलेलीच होती. पण दार पुरतं उघडेना, आत भिंगरी आडवी. परवापासूनची, डॉक्टर म्हणाले. चपला या खेपेला दोन्ही बाहेरच्या. मुठीत माझी किल्ली. बोटं सुटेनात, दोघांनी सोडवली.
जाऊ आली होती.

१९ मार्च
मी पडदा उघडलेला नाही. केस विंचरून बसलेय. दुपार झाली.