जिरेनियमखालचा व्हॉल्व्ह

एल ग्वादुआल,
मंगळवार, १४ जुलै

प्रिय एवेलिओमामा,

कसा आहेस? गुडघा काय म्हणतोय? तू राहतोस त्या मार्लेनीच्या घरी जिने फार आहेत म्हणे, जपून चढ-उतर कर. इकडे आई बरी आहे, कॉफीला फुलोराही चांगला आलाय. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बसवाल्या हेर्मानच्या हाती पाठवतेय. समोर बसून वाचून दाखव, असं त्याला बजावलंय. म्हणजे चष्मा सापडला नाही ही सबब चालायची नाही.

वरच्या वाडीला नऊ दिवस पाणी नाही. बाराही घरं कोरडी. ओलिवाबाई या वयात कॅन घेऊन ओढ्यावर जातात. काल सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय गं योर्लादिस, तुझा मामा खेकसायचा, पण पाणी सोडायचा. तू गोड बोलतेस नि नळ कोरडा!" सगळे हसले. मीही हसले.

पाइप तुंबलाय, असं मी पाणी समितीत सांगितलं. समितीतल्या बिचाऱ्या रामिरोने माझ्या शब्दावर तीन दिवस चर खणला, तळहात सोलवटून घेतले. पाइप अगदी साफ निघाला.

आता खरं सांगते. वरच्या वाडीचा व्हॉल्व्ह बंद आहे आणि तो मीच बंद केलाय. टाकीजवळचा पाइपचा सांधा बदलायचा होता. त्या दिवशी व्हॉल्व्हवर जिरेनियमचं झुडूप होतं, त्यामुळे जागा लगेच सापडली. तुझी खूण मला ठाऊक होती ना! प्रत्येक पुरलेल्या व्हॉल्व्हवर जिरेनियम. पांढरं असेल तर उजवीकडे फिरवून बंद, लाल असेल तर उलटा. गावाला वाटायचं, एवेलिओला फुलांचा भारी शौक.

त्याच आठवड्यात सभा झाली. जत्रेसाठी रस्त्याची कड साफ करून नवी माती टाकायची ठरली. झुडपंसुद्धा उपटायची. मी तिथेच बसले होते. "थांबा, ती खूण आहे" एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. वाटलं, उपटू देत, माझ्या तर लक्षात आहे. उद्या सगळ्यांना माझ्याच दारात यावं लागेल. मग व्हॉल्व्ह परत न उघडताच मी तीन दिवस लग्नाला गेले. परत येऊन बघते तर सगळी कड सपाट, ओळखीचं एक रोपटं नाही. सात ठिकाणी पहार घातली. नुसते दगड.

दोन वर्षांपूर्वी भर सभेत तुला "धनावर बसलेला नाग" म्हणणारी मीच. तू टोपी उचललीस, व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलास. त्या बोलण्याची मला लाज वाटते, मामा. त्याहून जास्त लाज वाटते ती तुझ्या जागेवर जाऊन तशीच बसले याची.

पण रडत बसायला वेळ नाही. सतरा व्हॉल्व्हपैकी अकरा मला पक्के आठवतात. ते मी नकाशावर काढलेत. कोणत्या घराच्या कुंपणापासून किती पावलं, कोणत्या हाताला फिरतो, सगळं. सहा चौकोन रिकामे आहेत. शनिवारी पहिल्या बसने रामिरो, ओलिवाबाईंची नात आणि मी तुझ्याकडे येतोय. तू एकटीच ये म्हणालास तरी तिघंच येऊ. यापुढे कुठलीही खूण एकट्याच्या कानात सांगायची नाही. शिव्या द्यायच्या असतील तर मनसोक्त दे, मी ऐकून घेईन, पण त्या सहा चौकोनांवर बोट ठेवल्याशिवाय आम्ही उठणार नाही. आणि दार उघडलं नाहीस, तर रविवारी टाकीपासून वाडीपर्यंतची सगळी कड मी गावासमोर खणायला घेईन.

हे पत्र मी दोनदा लिहिलंय. एक प्रत ही, हेर्मानकडे देतेय. दुसरी, हा शेवटचा परिच्छेद सोडून, आज सकाळी समितीच्या फळ्यावर नकाशाशेजारी लावली. ओलिवाबाईंनी ती पूर्ण वाचली. मग रिकामा कॅन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "चल, आज तू भर." भरून दिला. शनिवारपर्यंत रोज भरणार आहे.

तुझी भाची,
धनावरून उठलेली,
योर्लादिस